चारसोबीसचा दिवा

बायका आणि गाड्या हा आपल्याकडे विनोदाचा हक्काचा विषय. बाई गाडी मागे घेताना दिसली की चार बाप्ये हात वर करून 'येऊ द्या, येऊ द्या' म्हणत उभे राहतात. पण त्याच गाडीच्या दुरुस्तीला जे पैसे लागतात, ते घरातल्या किराण्यातून, मुलांच्या फीमधून नाहीतर दवाखान्यासाठी बाजूला ठेवलेल्या पाकिटातून वळते होतात, यावर मात्र कुणी विनोद करत नाही. म्हणून आज स्वयंपाकघर सोडून गाडीच्या पोटाखालच्या एका डब्याविषयी लिहायचं ठरवलंय. कंटाळू नका मैत्रिणींनो, विषय शेवटी आपल्या पैशांचा आणि श्वासाचाच आहे.

या डब्याचं नाव कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. गॅरेजवाले त्याला नुसतं 'कन्व्हर्टर' किंवा 'जाळी' म्हणतात. इंजिनातून निघालेला धूर सायलेन्सरकडे जाताना वाटेत या डब्यातून जातो. आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रांची चिनीमातीची वीट असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा महागड्या धातूंचा पातळ थर असतो. विषारी कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजनचे ऑक्साइड या थरावरून गेले की त्यांचं बरंचसं रूपांतर कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ आणि साधा नायट्रोजन यांत होतं. धातू मात्र जिथल्या तिथेच. शाळेत आपण 'उत्प्रेरक' हा शब्द पाठ केला होता, तो हाच. मी आर्ट्सची. मला तो असा समजला, की लग्न जमवणारा मध्यस्थ दोन्ही घरं जोडून देतो, स्वतः काही बोहल्यावर चढत नाही.

हा डबा आपल्या देशात आला त्याचीही एक गोष्ट आहे. एम. सी. मेहता यांनी प्रदूषणाबद्दल सर्वोच्च न्यायालयात याचिका केल्या. त्यानंतर १ एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा झाला. पेट्रोलमधलं शिसं या डब्याला निकामी करतं, म्हणून तिथे शिसेमुक्त पेट्रोलही आलं. शिसं लहान मुलांच्या मेंदूलाही घातक. तरी मराठवाड्यासह उरलेल्या देशातून शिशाचं पेट्रोल जायला २००० साल उजाडलं. शुद्ध हवासुद्धा आपल्याकडे मुंबईनंतरच पोचते म्हणायची!

आता औशाची गोष्ट. आमच्या महिला मंडळाची एक जुनी पेट्रोल व्हॅन आहे, बारा वर्षांची. बचत गटांच्या पापड-मसाल्याची खोकी, प्रशिक्षणाला निघालेल्या बाया आणि वेळप्रसंगी लातूरच्या दवाखान्यात न्यायची बाळंतीण, सगळं तिच्यातच. गेल्या पावसाळ्यानंतर ती कुरकुरायला लागली. तुळजापूरचा घाट चढताना पिकअप मिळेना. ॲव्हरेज पंधरावरून अकरावर आलं. मागच्या बाजूला नासक्या अंड्यासारखा वास यायचा आणि डॅशबोर्डवर इंजिनच्या चित्राचा पिवळा दिवा लागलेला.

पहिल्या मिस्त्रीनं बॉनेटसुद्धा उघडलं नाही. म्हणाला, ''ताई, जाळी चोक झालीय. काढून टाकतो, पाइप जोडतो. दोन हजारात गाडी पळायला लागते बघा.'' मी विचारलं, ''जाळी खराब झाली हे कशावरून? आणि ती झाली कशामुळे?'' तो हसला. ''तुम्हाला नाही समजायचं ताई ते. भाऊंना लावून द्या की.''

हे 'भाऊंना लावून द्या' बहुतेक जणींनी ऐकलं असेल. बँकेत ऐकू येतं, तलाठ्याकडे ऐकू येतं. मला विचाराल तर दुरुस्तीतली निम्मी फसवणूक या एका वाक्यात आहे. प्रश्न विचारणाऱ्या माणसाला बाजूला केलं की उत्तर द्यायची गरजच राहत नाही ना!

आम्ही गाडी लातूरच्या दुसऱ्या एका गॅरेजमध्ये नेली. तिथल्या पोरानं स्टिअरिंगखाली स्कॅनर जोडला आणि पडद्यावर दोन कोड आले. एक होता पी ०४२०. मी म्हटलं, ''हे तर चारसोबीस!'' तोही हसला. फसवणुकीचं ते जुनं ४२० कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत दुसऱ्या क्रमांकावर गेलं, पण आपल्या बोलण्यात चारसोबीस कायमच आहे. गाडीच्या भाषेत या कोडचा अर्थ एवढाच, की कन्व्हर्टर अपेक्षेपेक्षा कमी काम करतोय. दुसरा कोड होता पी ०३०२. म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरमध्ये ठिणगी नीट पडत नाही, पेट्रोल न जळताच पुढे जातंय.

त्या पोरानं जे समजावून सांगितलं ते मी वहीत लिहून घेतलं. न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये गेलं की तिथे जळतं. आतली वीट एरवी चारशे ते आठशे अंशांपर्यंत तापते, ती हजाराच्या पुढे जाऊन वितळायला लागते. मग छिद्रं बुजतात, धुराची वाट अडते आणि गाडी चढावर दम टाकते. म्हणजे आमचा कन्व्हर्टर खराब झाला असेलही, पण मूळ दुखणं इग्निशन कॉइलचं होतं. कॉइल तशीच ठेवून नवा कन्व्हर्टर बसवला असता तर तोही काही महिन्यांत वितळला असता. छप्पर गळत असताना आतली भिंत रंगवून काय उपयोग?

म्हणून आधी कॉइल आणि प्लग बदलले, कोड पुसले आणि दोन-तीन फेऱ्या लातूर-औसा मारल्या. ठिणगीचा कोड परत आला नाही. चारसोबीस मात्र परत आला. तरी त्यानं लगेच 'नवा घ्या' म्हटलं नाही. आधी त्यानं पुढच्या जोडाला कुठे गळती आहे का ते पाहिलं, कारण तिथून बाहेरची हवा आत शिरली तर सेन्सर खोटं सांगतो. मग दोन्ही ऑक्सिजन सेन्सर पाहिले. डब्याच्या पुढचा सेन्सर सारखा वरखाली होतो, तो तसा व्हायलाच हवा. मागचा मात्र बऱ्यापैकी शांत हवा. आमचा मागचाही पुढच्यासारखाच नाचत होता. नंतर पुढच्या सेन्सरच्या जागी दाबाचं मीटर लावून इंजिन २५०० फेऱ्यांवर ठेवलं. तिथे दाब साधारण ३ पीएसआयच्या वर गेला तर वाट अडली असं समजतात. आमचा पाचावर गेला. शेवटी गाडी थंड झाल्यावर डब्यावर रबरी हातोडीनं हलकेच टकटक केलं, तर आत फुटक्या बरणीसारखं खुळखुळलं. चार गोष्टी एकच सांगत होत्या. आता मात्र शंका नव्हती.

हे सगळं सविस्तर सांगते आहे, कारण अनेक ठिकाणी नुसता कोड पाहून भाग बदलला जातो. कोड म्हणजे ताप. तो मलेरियाचाही असतो आणि टायफॉइडचाही. रक्त न तपासता कुणी ऑपरेशन करा म्हटलं तर आपण करून घेऊ का? चारसोबीसचा दिवा कधी नुसत्या सेन्सरमुळे लागतो, कधी गळक्या जोडामुळे. तिथे काही शे ते काही हजारांत काम भागतं. पुरता कन्व्हर्टर मात्र आमच्या गाडीला ३० हजारांच्या घरात सांगितला.

आणि इथे खरी परीक्षा होती. मंडळाच्या बैठकीत मी आकडा सांगितला तसा गलका झाला. आमच्या एक वयस्कर आक्का म्हणाल्या, ''अगं माय, एवढ्या पैशात दोन-तीन शिलाई मशिनी येतात. त्या धुराच्या डब्याला कायला घालतीस? पाइपानं गाडी चालती म्हणतोय ना त्यो?'' त्यांचं चुकत नव्हतं. पाइपानं गाडी चालते. कदाचित झोकात चालते. ज्यांची महिन्याची बचत शंभर रुपये, त्यांना ३० हजारांचा हिशेब द्यावाच लागतो.

मी त्यांना चुलीची आठवण दिली. आम्ही गावोगाव फिरून बायांना सांगत होतो, की चुलीचा धूर डोळ्यांना, छातीला, पोटातल्या बाळाला वाईट. त्या धुरात जो कार्बन मोनॉक्साइड असतो, तोच गाडीच्या धुरातही असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून जास्त घट्ट चिकटतो. आमच्याकडे तपासणीला येणाऱ्या कितीतरी बायांचं हिमोग्लोबिन आठ-नऊवर अडकलेलं असतं. मुळात तुटपुंजं असलेलं रक्तही असं अडून बसलं तर बाळाला काय मिळणार? आणि ही गाडी बाळंतिणी नेण्यासाठीच तर आहे. पाइप जोडताना कुठे भेग राहिली तर धूर आत यायची भीती. नाही राहिली तरी स्टँडवर मागे उभी असलेली भाजीवाली, सायकलवरचं शाळेचं पोर, रसवंतीवाला, यांच्या नाकाशीच तो सोडायचा. आपले पैसे वाचवायचे आणि दंड दुसऱ्याच्या छातीला, हे महिला मंडळानं करावं का? आक्का थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, ''आधीच असं सांगायचं की!'' वर्गणी काढली, थोडे पैसे दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरमधून आले आणि डबा बसला. मशिनी पुढच्या वर्षावर गेल्या, हेही लिहायला हवं. चांगली गोष्ट फुकट होत नाही.

यावर मला नेहमी एक प्रश्न विचारतात. ''महामार्गावर एवढे ट्रक काळा धूर सोडत जातात, तुमच्या एका व्हॅननं काय मोठा फरक पडणार?'' फरक किती पडतो ते पीयूसीच्या नियमातच दिसतं. भारत स्टेज २ च्या आधीच्या पेट्रोल चारचाकीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के होती. भारत स्टेज ४ च्या गाडीला ती ०.३ टक्के आहे. दहापटींचा फरक! तो घडवला कन्व्हर्टरनं आणि पेट्रोल मोजून सोडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेनं. हा डबा काढणं म्हणजे एका दुपारीत गाडीला वीस-पंचवीस वर्षं मागे नेणं. शेजारणीनं कचरा रस्त्यावर टाकला म्हणून आपण आपला टाकत नाही ना?

शिवाय हा गुन्हाही आहे. कंपनीनं दिलेल्या रचनेत असा फेरफार करायला मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानं मनाई आहे. प्रदूषणाचे नियम मोडल्यास १९० व्या कलमाखाली दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात आणि परवानाही तीन महिने जाऊ शकतो. पण कायदा कागदावर आणि पाइप गाडीखाली अशी आपली तऱ्हा. मला तर एका पीयूसी केंद्रावर गाडीकडे न बघताच 'पावती देऊ का?' असं विचारलं गेलंय. अशा पावतीनं हवा शुद्ध होत नाही. माझं म्हणणं असं, की पीयूसीच्या वेळी नळी खरोखर सायलेन्सरमध्ये घातली जाते का, हे गाडीच्या मालकिणीनं उभं राहून पाहावं. आणि पंधरा वर्षांनंतर नोंदणीच्या नूतनीकरणाला गाडी जाते, तेव्हा कन्व्हर्टर जागेवर आहे का, हे अधिकाऱ्यांनी खाली वाकून तपासावं. दोन मिनिटांचं काम आहे.

आता त्या जुन्या डब्याविषयी. 'जाळी काढून टाकतो' म्हणणारा ती टाकून देत नसतो बरं का! तिच्यातले धातू मौल्यवान असतात. मार्च २०२१ मध्ये ऱ्होडियमचा भाव औंसाला, म्हणजे साधारण ३१ ग्रॅमला, २९ हजार डॉलरच्या आसपास गेला होता. नंतर तो बराच उतरला. पण त्या सुमारास महाराष्ट्रात आणि गुजरातेत ईको व्हॅनचे सायलेन्सर चोरणाऱ्या टोळ्या पोलिसांनी पकडल्या, ते तुम्हाला आठवत असेल. चोर गाडीखाली शिरायचे, डबा काढायचे आणि आतली 'माती' विकायचे. सकाळी मालक गाडी सुरू करतो तर कानठळ्या बसवणारा आवाज! जी माती चोर रात्री जागून नेतात, ती आपण गॅरेजात हसत हसत सोडून येतो. म्हणून जुना भाग परत मागा, किंवा त्याची रक्कम बिलातून वजा करायला लावा. आमच्या बिलातून तशी झाली. आणि बाजारात आठ-दहा हजारांत जे नवे डबे मिळतात, त्यात धातूचा थर नावापुरता असू शकतो. घेताना तो आपल्याच मॉडेलचा आहे का ते पाहावं, पक्कं बिल आणि वॉरंटी मागावी.

डबा टिकवणंही आपल्या हातात आहे. ठिणगी चुकायला लागली, गाडी धक्के खायला लागली की लगेच दाखवावी. इंजिन ऑइल सारखं कमी होत असेल तर ते जळून याच जाळीवर बसतं. बॅटरी उतरली की चार जणींनी मिळून धक्का मारायची आपल्याला हौस. त्यानंही न जळलेलं पेट्रोल डब्यात जातं. शक्य असेल तर दुसऱ्या बॅटरीची वायर जोडावी. पेट्रोल विश्वासाच्या पंपावर भरावं. भेसळीची माणसं किती निर्ढावलेली असतात, हे २५ जानेवारी २०११ ला मनमाडजवळ अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळलं गेलं तेव्हा महाराष्ट्रानं पाहिलंय. आणखी एक, खास आपल्या भागासाठी. चालून आलेल्या गाडीचा हा डबा तव्यापेक्षा तापलेला असतो. राशीच्या दिवसांत सोयाबीनच्या भुसकटावर किंवा कडब्यावर गाडी उभी करू नका. आग लागायला तेवढं पुरतं.

पीयूसीला जाताना गाडी थोडी चालवून गरम करून न्यावी. तेल तापल्याशिवाय मोहरी तडतडत नाही. तसाच हा डबाही अडीचशे-तीनशे अंशांना पोचल्याशिवाय कामाला लागत नाही. थंड गाडी चांगली असूनही नापास होऊ शकते.

मैत्रिणींनो, यातलं काहीही करायला पाना हातात धरावा लागत नाही. गॅरेजात उभं राहून विचारावं लागतं, एवढंच. कोड कोणता आला? तो आणखी कशामुळे येऊ शकतो? तुम्ही कोणकोणत्या तपासण्या केल्या? मूळ दोष दुरुस्त झाला का? जुना भाग कुठे आहे? हे प्रश्न आपण डॉक्टरला विचारतो, मास्तरांना विचारतो, भाजीवालीला तर हमखास विचारतो. मग मिस्त्रीला विचारताना जीभ का अडखळते? मला दुसऱ्या गॅरेजात समजावून सांगणारा पोरगाच भेटला. त्याला माझ्या प्रश्नांचा राग आला नाही, उलट हुरूप आला. चांगल्या कारागिराला विचारणारं गिऱ्हाईक आवडतं. ज्याला आवडत नाही, त्याच्याकडे गाडी कशाला न्यायची?

आयटीआयच्या मोटार मेकॅनिक वर्गात आपल्या पोरी फारशा दिसत नाहीत. बारावीनंतर काय, असा प्रश्न घेऊन येणाऱ्या मुलींच्या आयांना मी हल्ली हा पर्यायही सांगते. त्या आधी तोंडाला पदर लावून हसतात. हसू देत. तालुक्याच्या गावात एक जरी मुलगी स्कॅनर घेऊन उभी राहिली, तर 'भाऊंना लावून द्या' हे वाक्य तिथे तरी ऐकावं लागणार नाही.